निरवानिरव: कोकणातल्या घरासाठी, क्रमानं

निरवानिरव करायला बसलेली बहुतेक घरं शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतात. वकील गाठतात, मृत्युपत्र टाईप करून घेतात, कपाटात ठेवतात आणि झालं म्हणतात. मग पावसातल्या एखाद्या रात्री आजोबांना धाप लागते. तेव्हा लक्षात येतं की बांबोळीला, म्हणजे गोव्यातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात, न्यायचं की घरीच ठेवायचं, हे त्यांना कुणी विचारलेलंच नाही. सातबाऱ्यावर अजून पणजोबा आहेत. बँकेत नॉमिनी म्हणून आजीचं नाव आहे, आणि आजीला जाऊन नऊ वर्षं झाली.

हा विषय काढला की "अभद्र बोलू नको" हे उत्तर ठरलेलं. पण मे महिन्यात आपण कौलं शाकारतो, लाकडं पडवीत घेतो, सुकी मासळी भरून ठेवतो. आगोटीची, म्हणजे पावसाच्या तोंडाची, बेगमी केल्यानं वादळ येतं असं कुणी म्हणत नाही. मरण कधी येणार हे ठरवता येत नसलं, तरी त्याच्या आजूबाजूच्या बऱ्याच गोष्टी आज ठरवता येतात. त्या ठरल्या की उरलेली अनिश्चितता सोसण्याजोगी होते. मात्र क्रम पाळा: आधी माणूस, मग निर्णय कुणाचा, मग कागद.

सुरुवात करण्यापूर्वी

एक जाड वही, एक पत्र्याची पेटी आणि झिप असलेल्या प्लास्टिकच्या दहा-बारा पिशव्या आणा. कोकणात कागदाचे शत्रू दोन, दमट हवा आणि वाळवी. पेटी भिंतीला टेकवू नका, जमिनीवर ठेवू नका. दोन विटांवर किंवा मांडणीवर, भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा.

सावधान: मूळ दस्त लॅमिनेट करू नका. उष्णतेनं शाई आणि शिक्के खराब होतात, आणि पुढे पडताळणीच्या वेळी अडचण येते. कागद कोरडा असतानाच पिशवीत घाला. ओलसर कागद बंद पिशवीत घातला तर एका पावसात बुरशी धरतो.

१. भीती वेगवेगळ्या करा

"मरणाची भीती वाटते" हे एकच वाक्य बहुतेकदा चार-पाच भीतींचं गाठोडं असतं. वहीच्या पहिल्या पानावर ती सुटी करून लिहा. वेदना होतील. अंथरुणाला खिळून लोकांवर भार होईन. हिला एकटीला कोण बघणार. कर्ज राहील. मुलं जमिनीवरून भांडतील. मुंबईचे पोचायच्या आत सगळं आटपेल.

आता प्रत्येक ओळीपुढे खूण करा. काही करता येईल तिथे बरोबरची खूण, हाताबाहेरचं असेल तिथे नुसता ठिपका. बहुतेकांना बरोबरच्या खुणा वाटल्यापेक्षा जास्त सापडतात. पुढच्या सगळ्या पायऱ्या या खुणांसाठी आहेत. ठिपक्यांकडे सातव्या पायरीत येऊ.

नेहमीची चूक: मुलानं बापाच्या वतीनं ही यादी करणं. मुलाला भीती असते ती बाप जाण्याची. बापाला कदाचित म्हशीचं काय होईल याची असते. ज्याची यादी त्यानंच सांगायची, दुसऱ्यानं फक्त लिहून घ्यायची.

२. घरात बोलणं

वेळ निवडणं हे अर्धं काम. चाकरमानी घरी असतात ते गणपतीत, शिमग्याला आणि मे महिन्यात. आरत्या, पाहुणे, पत्ते चालू असताना हा विषय काढू नका, आणि निघायच्या दिवशी बॅगा भरतानाही नको. विसर्जनानंतरची एखादी निवांत दुपार बरी. आजारी माणूस तापात किंवा वेदनेत असेल तर तो दिवस सोडा.

सुरुवात मालमत्तेपासून केली की संशय येतो. काळजीपासून करा. "बाबा, आजारपण लांबलं तर तुम्हांला घरात राहायला आवडेल की हॉस्पिटलात?" "आये, तुला सगळं खरं सांगितलेलं चालेल की दादाला सांगितलेलं पुरे?" हा दुसरा प्रश्न आजाराचं निदान व्हायच्या आधी विचारून ठेवण्यासारखा आहे. निदान लपवणं ही आपल्याकडची सगळ्यांत मोठी आणि प्रेमापोटी होणारी चूक. लपवलेलं माणसाला कळतंच. लोक बोलता बोलता गप्प होतात, त्यावरून कळतं, आणि मग तो एकटा पडतो. काहींना खरोखरच सगळं जाणून घ्यायचं नसतं. तेही मान्य करा, पण अंदाजानं नको, विचारून.

या बैठकीत पाच उत्तरं मिळायला हवीत: आजाराबद्दल किती सांगायचं, शेवट कुठे व्हावा, कोणता उपचार नको, अंत्यविधी कसा आणि कुठे, आणि नेत्रदान किंवा देहदान करायचं का. पाचही एका दिवसात मिळणार नाहीत. दोन मिळाली तरी बैठक चांगली झाली.

"मग बघू" असं उत्तर आलं तर ओढून धरू नका. "बरं, शिमग्याला परत विचारीन" म्हणा, आणि शिमग्याला खरंच विचारा.

तपासा: बोललेलं त्याच संध्याकाळी वहीत तारखेसह उतरलं का? हजर नसलेल्या बहिणीला फोनवर तेच शब्द सांगितले का? न सांगितल्यास तेराव्याला भांडण इथूनच सुरू होतं.

३. निर्णय घेणारे दोघं ठरवा

एक गावात राहणारा, एक बाहेरचा. पहिला रात्री-अपरात्री डॉक्टरांशी बोलेल, दुसरा पैशाचं आणि फोनाफोनीचं बघेल. दोघांची नावं, नंबर वहीत आणि दाराच्या आतल्या बाजूला लिहा. तिथेच १०८ रुग्णवाहिका, नेहमीचे डॉक्टर, पोलीस पाटील आणि रात्री गाडी काढणाऱ्या शेजाऱ्याचा नंबर. मोबाईलमध्ये आहे म्हणून चालणार नाही. जूनच्या वाऱ्यात लाईट जाते आणि रेंजही जाते. कुठल्या खळ्यात (अंगणात) रेंज मिळते तेसुद्धा लिहून ठेवा.

४. वही भरणं

गावच्या देवासमोरचं गाऱ्हाणं आठवा. त्यात काही मोघम नसतं, एकेकाचं नाव घेऊन मागणं घातलं जातं. वहीसुद्धा तशीच हवी. "बँकेत थोडे पैसे आहेत" असं नको. बँक, शाखा, खात्याचे शेवटचे चार आकडे, नॉमिनी, पासबुक कुठे.

एकेक पान द्या: बँक आणि पोस्ट, विमा, जमीन, घर, सोनं, दिलेली आणि घेतलेली उधारी, सोसायटीचं पीककर्ज, होडी किंवा जाळ्यावरचं कर्ज, वीज आणि गॅस जोडणी, पेन्शन. पासबुकात मे-जूनच्या सुमारास ४३६ आणि २० रुपये वळते झालेले दिसतात का पाहा. ते पंतप्रधान जीवनज्योती आणि सुरक्षा विम्याचे हप्ते. पहिल्यात कोणत्याही कारणानं, दुसऱ्यात अपघातानं मृत्यू आल्यास २ लाख रुपये मिळतात. कित्येक घरांना हा विमा होता हेच ठाऊक नसतं, त्यामुळे दावाच होत नाही.

सावधान: पिन आणि पासवर्ड वहीत लिहू नका. ते बंद पाकिटात घालून तिसऱ्या पायरीतल्या एकाकडे द्या.

५. जमीन आणि घर

इथे वेळ द्या. कोकणातली बहुतेक भांडणं इथली आहेत.

अ) सगळ्या गट नंबरांचे सातबारा आणि एक आठ-अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा एकत्र उतारा) काढा. सातबाऱ्यावर तीन ठिकाणी बघा. भोगवटादारांत, म्हणजे जमीन ज्यांच्या नावे आहे त्यांत, मयताचं नाव आहे का. इतर अधिकारात कुळ, बोजा किंवा बहिणींची नावं आहेत का. आणि एखाद्या नावापुढे "ए.कु.मॅ." लिहिलंय का. त्याचा अर्थ एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे नाव एका भावाचं लागलं असलं तरी जमीन त्या एकट्याची ठरत नाही. हे न कळल्यानं लोक सगळी जमीन आपली समजून मृत्युपत्र करतात, आणि ते चुलत भावांच्या पहिल्याच हरकतीला अडकतं.

आ) मयताची नावं आधी काढा. वारस नोंदीसाठी मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, वंशावळ, सातबारा, आठ-अ आणि आधार लागतं. अर्ज तलाठ्याकडे (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) किंवा ई-हक्क या ऑनलाईन प्रणालीतून करता येतो. वारसांची नोंद गाव नमुना ६-क मध्ये होते, मग फेरफार, म्हणजे नावातल्या बदलाची नोंद, धरला जातो, हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. कायद्याप्रमाणे मृत्यूनंतर तीन महिन्यांत कळवायचं असतं. तीन पिढ्या राहून गेल्या असतील तरी वरून खाली, एकेक पिढी करत या. मधली पिढी गाळली की फेरफार नामंजूर होतो. शासनाची २०२५ ची "जिवंत सातबारा" मोहीम याच दुखण्यासाठी होती.

इ) वंशावळीत बहिणी घाला. "ती लग्न होऊन गेली" म्हणून नाव गाळणं चुकीचं आहे आणि महागातही पडतं. हिंदू एकत्र कुटुंबात २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. तिला हिस्सा नको असेल तर आधी तिचं नाव लागतं आणि मग नोंदणीकृत हक्कसोडपत्र होतं. साध्या कागदावर किंवा तोंडी सोडलेला हक्क टिकत नाही.

ई) घरपट्टीचा उतारा, म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना ८, हा कराचा कागद आहे. त्यावर नाव आहे म्हणून मालकी सिद्ध होत नाही. घराखालची जमीन कोणत्या गटात येते ते सातबाऱ्याशी ताडून बघा.

६. नॉमिनी, मग मृत्युपत्र

नॉमिनी म्हणजे मालक असं समजू नका. बँक पैसे त्याच्या हाती देते, पण वारसांच्या वतीनं. तरीही नॉमिनेशन हवंच, नाहीतर दहाव्याचा खर्च करायलाही खातं उघडत नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात, टक्केवारीसह. घरखर्चाचं खातं नवरा-बायकोच्या नावे "दोघांपैकी कुणीही किंवा हयात असलेला" या पद्धतीचं करून घ्या.

मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही. साधा कागद चालतो, नोंदणी ऐच्छिक आहे. पण सही दोन साक्षीदारांसमोर व्हायला हवी आणि त्यांनीही सही करायला हवी. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी केली तर पुढचा वाद कमी होतो, म्हणून करावीच. आणखी काही गोष्टी:

– ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. साक्षीदार तुमच्यापेक्षा वयानं लहान आणि गावात राहणारे घ्या.
– वय जास्त असेल तर त्याच तारखेचा डॉक्टरांचा दाखला जोडा की माणूस शुद्धीत आणि सारासार विचार करू शकणारा आहे.
– "यात न लिहिलेली किंवा पुढे मिळणारी मिळकत अमुक व्यक्तीला" हे कलम हवंच. ते नसलं की नव्यानं सापडलेल्या ठेवीवरून सगळं परत सुरू होतं.
– हिंदू व्यक्तीला एकत्र कुटुंबातला फक्त स्वतःचा हिस्सा मृत्युपत्रानं देता येतो. मुस्लिम कुटुंबात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशाहून जास्त देता येत नाही.

सावधान: कुलमुखत्यारपत्र माणूस जाताक्षणी संपतं. त्यावर नंतर केलेला व्यवहार, किंवा मयताच्या एटीएम कार्डानं काढलेले पैसे, दोन्ही अंगाशी येतात.

उपचारांच्या मर्यादेचा कागद वेगळा असतो. सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ रोजी त्याला मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ रोजी पद्धत सोपी केली. बरं होण्याची आशा नसेल आणि मला बोलता येत नसेल, तेव्हा व्हेंटिलेटर किंवा नळ्या लावू नका, असं यात लिहिता येतं. दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही, आणि तुमच्या वतीनं बोलणाऱ्यांची नावं. अंमल करताना डॉक्टरांची दोन वैद्यकीय मंडळं विचार करतात, त्यामुळे "कागद दाखवला की नळी काढतील" असं समजू नका. एक प्रत पेटीत, एक डॉक्टरांकडे, एक स्थानिक स्वराज्य संस्थेच्या (ग्रामपंचायत किंवा नगरपालिका) अधिकाऱ्याकडे.

७. ठिपक्यांसोबत जगणं

पहिल्या पायरीत ज्या ओळींपुढे ठिपका पडला त्यांचं काय करायचं? रिपोर्ट काय येईल, किती दिवस हातात आहेत, आधी कोण जाईल. यांना कागदानं उत्तर नाही, म्हणून तीन गोष्टी सवयीनं करा.

पल्ला आखूड करा. दर्यावर जाणारा माणूस वर्षाचं भाकीत करत बसत नाही. तिथीवरून उधाण की भांग, म्हणजे मोठी भरती की लहान, ते बघतो, वारा बघतो आणि तेवढ्यापुरतं ठरवतो. आजारात पल्ले तीनच ठेवा: आज, पुढची तपासणी, पुढचा सण. "पाच वर्षांनी काय" हा प्रश्न आला की कोणत्या पल्ल्यात बसतो ते बघा. तिन्हीत बसत नसेल तर तो आज सोडवायचा नाही.

काळजीला वेळ नेमून द्या. दिवेलागणीच्या आधीची वीस मिनिटं, वही घेऊन, खळ्यात बसून. इतर वेळी काळजी आली की दोन शब्द लिहून ठेवायचे आणि कामाला लागायचं. ही वेळ झोपायच्या आधीची ठेवू नका, रात्री काळजी वाढते.

आणि हातातलं काम काढून घेऊ नका. आजारी माणसाला "तुम्ही आता बसा" म्हणत राहिलं की तो मरायच्या आधी घरातून वजा होतो. सुपारी सोलणं, फुलं काढणं, नातवंडाला परवचा म्हणायला लावणं, जेवढं झेपेल तेवढं राहू दे.

तपासा: दोन आठवडे झोप नाही, जेवण सुटलं, किंवा "मी नसलेला बरा" असे शब्द येतात? ते नुसतं उदास होणं समजू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा नंबर १४४१६, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. डॉक्टरांनाही त्याच दिवशी सांगा.

८. घरातलं शेवटचं आजारपण

घरी ठेवायचं ठरलं असेल तर तीन तयारी आधी हव्यात. वेदनाशामक औषधं, विजेची सोय, आणि नियमित बघणारा डॉक्टर.

कर्करोगाच्या वेदनेवर मॉर्फिन लागू शकतं. ते गावातल्या मेडिकलमध्ये मिळत नाही, मान्यताप्राप्त केंद्रातून घ्यावं लागतं. म्हणून जिल्हा रुग्णालयात किंवा उपचार चालू असलेल्या ठिकाणी उपशामक सेवेची (बरं न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणाऱ्या सेवेची) चौकशी वेदना वाढायच्या आधी करा. मॉर्फिनसोबत बद्धकोष्ठ होतंच, त्यावरचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणि हवेची गादी दोन्ही विजेवर चालतात. इन्व्हर्टर किती तास टिकतो ते उन्हाळ्यात मोजून बघा, आणि पावसात एक भरलेला सिलिंडर जवळ ठेवा. कूस दर दोन तासांनी बदला. टाचा, माकडहाड आणि खांदे रोज बघा, लाली दिसली की तिथला भार काढा.

शेवटच्या दिवसांत भूक जाते. बळजबरीनं भरवू नका, गिळता येत नसलेल्याच्या घशात पेज घातली की ती श्वासनलिकेत जाते. गंगाजल किंवा तुळशीचं पाणी द्यायचं असेल तर ओलं तुळशीपान ओठांना लावा, चमच्यानं ओतू नका. हातपाय थंड पडणं, श्वासात मोठा खंड पडणं, घशात घरघर, ही लक्षणं आधीच सर्वांना सांगून ठेवा. न सांगितल्यास कुणीतरी घाबरून १०८ ला फोन करतं, आणि घरी राहायची इच्छा असलेला माणूस वाटेत गाडीत जातो.

९. पहिला दिवस आणि पुढचे २१ दिवस

नेत्रदान ठरलं असेल तर वेळ ४ ते ६ तासांची. पापण्या मिटवा, वर ओला कापूस ठेवा, पंखा बंद करा, डोकं उशीवर थोडं उंच ठेवा आणि लगेच नेत्रपेढीला कळवा.

मुंबईच्यांसाठी किती थांबायचं हे वहीत आधीच लिहिलेलं असावं. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, गाड्या सावकाश धावतात, आंबोली, करूळ, परशुराम घाटांत दरड येऊ शकते. सकाळपर्यंत थांबायचं असेल तर जवळच्या रुग्णालयात शवागार चालू आहे का, देह गार ठेवणारी शवपेटी कुठे भाड्यानं मिळते, हे आधी विचारून ठेवा. चितेला साधारण ३०० ते ४०० किलो लाकूड लागतं. वाडीच्या स्मशानशेडमध्ये ते कोरडं आहे का, हे आगोटीलाच बघायचं.

सावधान: माडावरून पडणं, सर्पदंश, वीज, बुडणं, वाहन अपघात यांत पोलिसांना कळवल्याशिवाय अंत्यविधी करू नका. पंचनामा आणि शवविच्छेदन अहवालाशिवाय अपघात विमा किंवा शेतकरी अपघात योजनेचे २ लाख मिळवणं फार अवघड होतं. होडी परतली नाही तर तटरक्षक दल १५५४ आणि सागरी पोलीस ठाण्यात लगेच तक्रार नोंदवा. देह सापडला नाही तर साधारण ७ वर्षं बेपत्ता राहिल्यावर मृत्यू गृहीत धरता येतो, आणि तेव्हा हीच पहिली तक्रार पुरावा ठरते.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत करा. मृत्यू जिथे झाला तिथेच ती होते. बांबोळीत झाला तर दाखला गोव्यातून येणार, गावच्या ग्रामपंचायतीतून नाही. घरी झाला तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा कारणाचा दाखला घ्या. ३० दिवसांनंतर परवानगी आणि एक वर्षानंतर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. नावाचं स्पेलिंग आधार आणि सातबाऱ्याशी जुळवा, आणि दाखल्याच्या आठ-दहा प्रती घ्या. मयताचं सिमकार्ड निदान सहा महिने चालू ठेवा, ओटीपी त्यावरच येतात.

१०. दर आगोटीला एक तास

मेच्या शेवटच्या आठवड्यात पेटी उघडा. कागद उन्हात नको, सावलीत वाऱ्यावर टाका. वहीतल्या बदललेल्या नोंदी लाल शाईनं करा, जुनं खोडू नका. नॉमिनींपैकी कुणी वारलं का, नवीन खातं उघडलं का, दारामागचे नंबर लागतात का, एकेक लावून बघा. दुसऱ्या पायरीतले पाच प्रश्न परत विचारा, आजारपणानंतर उत्तरं बदलतात.

शेवटी पेटीची दुसरी किल्ली कुणाकडे आहे, हे सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारा. दोघांनी दोन वेगळी नावं सांगितली तर जेवायला बसायच्या आधी किल्ली शोधा.